मेरिल्स मरॉडर्स
दुसऱ्या महायुद्धात उत्तर ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढलेले अमेरिकन पायदळ पथक. अधिकृत नाव ५३०७ वे संमिश्र पथक (हंगामी). सांकेतिक नाव ‘गॅलाहॅड’. आशियाच्या मुख्य भूमीवर जपानी सैन्याशी जमिनीवर लढलेले हे पहिले अमेरिकन पायदळ होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे विशेष असे, की हे पथक मुंबई बंदरात उतरले व देवळाली (जि. नासिक) येथील छावणीत त्याच्या जंगलयुद्ध-शिक्षणास आरंभ झाला.

मार्च १९४२ मध्ये रंगून व एप्रिलच्या अखेरीस लाशिओ जपान्यांच्या हाती पडले. चीनला रसद पोहोचविणारा ब्रह्मी मार्ग त्यामुळे तुटला. या पराभवाची झळ रणांगणापासून दूरच्या प्रदेशांनाही लागली. ब्रह्मी सागवानाची आयात थांबताच लष्करी मागणीचा भार हिंदुस्थानातील सागाच्या वनांवर पडला व तत्कालीन चांदा जिल्ह्यातील (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) आलापल्लीसारखी वनक्षेत्रे त्यास अपवाद नव्हती. चीनशी संपर्क पुन्हा जोडण्यासाठी आसामातील लेडो येथून नवा रस्ता बांधण्यास अमेरिकनांनी १९४२ च्या अखेरीस सुरुवात केली. पण पुढचा मुलूख जपान्यांच्या ताब्यात असल्याने तो जिंकल्याखेरीज रस्ता पुढे सरकणे शक्य नव्हते.

ऑगस्ट १९४३ च्या क्वेबेक परिषदेत ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट याच्या ‘चिंडिट’ सैन्याच्या धर्तीवर, शत्रूच्या पिछाडीस खोलवर घुसणारे अमेरिकन पथक उभारण्याचे ठरले. ‘धोक्याच्या कामगिरी’साठी स्वयंसेवक मागविण्यात आले. अमेरिका, कॅरिबियन बेटे व पॅसिफिकमधील रणक्षेत्रे येथून सु. तीन हजार सैनिक जमा झाले. त्यांत ग्वादलकनाल व न्यू गिनी येथे जपान्यांशी लढलेले अनुभवी होते, तसेच केवळ तुरुंगातून वा कंटाळवाण्या ठाण्यातून सुटका हवी असणारेही काही होते. अमेरिकेतच जन्मलेले चौदा जपानी वंशाचे दुभाषी त्यांच्यासोबत होते. त्यांच्यापैकी काहींचे आप्त त्याच वेळी अमेरिकेतील स्थानबद्धता छावण्यांत होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लरलाइन’ जहाजातून ते मुंबईस आले व तेथून देवळालीस गेले. तेथे सु. तीन आठवडे राहून ते बेटवाकाठच्या देवगढच्या (तेव्हाचा झांशी जिल्हा) रानात गेले. विंगेटच्या देखरेखीखाली तेथे जानेवारी १९४४ पर्यंत कवायत, नदी ओलांडणे, खेचरे हाकणे व विमानातून टाकलेली रसद गोळा करणे यांचा सराव झाला. मध्य हिंदुस्थानातील हे कोरडे, पानगळीचे रान आणि ब्रह्मदेशातील बारमाही ओले, जळवांनी भरलेले अरण्य यांत मोठे अंतर होते. चालण्याची सवय येथे होऊ शकली, तापाची नव्हे.

पथक विंगेटकडे न राहता अमेरिकन सेनापती जोसेफ स्टिलवेल याच्या हाताखाली गेले. ब्रिगेडियर जनरल फ्रँक मेरिल प्रमुख व कर्नल चार्ल्स हंटर दुय्यम झाला. वार्ताहरांनी दिलेले ‘मेरिल्स मरॉडर्स’ (मेरिलचे लुटारू) हे नावच पुढे रूढ झाले. सिंगापूर घेणाऱ्या जपानी १८ व्या डिव्हिजनशी त्यांची गाठ होती. समोरून चिनी सैन्याने रेटा द्यावा व मरॉडर्सनी वळसा घालून मागची वाट अडवावी, ही पद्धत. मार्चमध्ये वलाबुम येथे ती यशस्वी झाली. २८ मार्च ते ९ एप्रिल या काळात मात्र न्हपुम गा येथे दुसरी बटालियनच वेढ्यात सापडली. पाणवठा शत्रूकडे गेल्याने पाणी विमानातून टाकावे लागले. दुभाषी रॉय मात्सुमोतो याने रात्री जपानी ठाण्याजवळ सरपटत जाऊन हल्ल्याचा बेत ऐकला. हल्ला अडखळताच त्याने जपानी भाषेत चढाईची आज्ञा ओरडून उरलेल्यांना माऱ्यात आणले. याच सुमारास मेरिलला हृदयविकाराचा झटका आला.

थकलेल्या पथकास त्यानंतर विश्रांती मिळावयास हवी होती. त्याऐवजी चिनी पलटणी व कचिन योद्ध्यांसह त्याला कुमोन पर्वतरांग ओलांडून मिचिना येथे धाडण्यात आले. १७ मे १९४४ रोजी हंटरने तेथील धावपट्टी अचानक छाप्याने घेतली. परंतु शहर ३ ऑगस्टपर्यंत पडले नाही. दरम्यान इस्पितळातील बरे न झालेले सैनिकही आघाडीवर परत धाडले गेले. स्टिलवेलवरील हा आक्षेप रास्त आहे. चिनी व ब्रिटिश सैन्य झुंजत असता अमेरिकनांना मागे घेणे राजकीय दृष्ट्या अवघड होते, हे त्याचे समर्थन अपुरे वाटते.

लढाईत ९३ मृत्यू पावले, २९३ जखमी व ८ बेपत्ता झाले. अन्य कारणांनी ३० दगावले. रोगांनी मात्र १,९७० जण निकामी केले : आमांश ५०३, हिवताप २९६, टायफस १४९, मानसिक विकार ७२ व इतर ज्वर ९५०. जपानी गोळीपेक्षा अरण्यच अधिक घातक ठरले.

१० ऑगस्ट १९४४ रोजी पथक विसर्जित झाले. मिचिना हाती आल्याने चीनकडे जाणाऱ्या विमानांना हिमालयाच्या दक्षिणेकडील सखल मार्ग मिळाला. लेडो रस्ता जुन्या ब्रह्मी मार्गास जोडला जाऊन ४ फेब्रुवारी १९४५ रोजी पहिला वाहनतांडा कुनमिंगला पोहोचला. अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटची परंपरा या पथकापर्यंत नेली जाते. काँग्रेसचे सुवर्णपदक त्यास २०२० च्या कायद्याने देण्यात आले. तोवर मूळ पथकातील मोजकेच सैनिक हयात होते.