युरोपातली कोणती शहरं निवडायची? आधी रात्री मोजा, मग नकाशा उघडा

पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, झुरिच, व्हेनिस, रोम, प्राग आणि जमलं तर लंडन. युरोपला पहिल्यांदा निघालेल्या घरांमध्ये साधारण हीच यादी तयार होते. यातलं एकही शहर टाकाऊ नाही. पण यादी बनते रील्स आणि नातेवाइकांचे फोटो बघून, आणि हातात सुट्टी असते जेमतेम दहा-बारा दिवसांची. मग माणशी काही लाख रुपये खर्च करून लोक सात शहरं ‘करून’ येतात आणि आठवणीत राहतं ते बसच्या खिडकीतून दिसलेलं युरोप, रोज सकाळी भरलेली बॅग आणि हॉटेलच्या न्याहारीची घाई.

शहरं निवडताना ‘कोणतं शहर जास्त सुंदर?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी रात्री, रेल्वे, व्हिसा आणि ऋतू या चार गोष्टी बघितल्या की यादी आपोआप आखूड होत जाते.

दिवस नाही, रात्री मोजायच्या

बारा दिवसांची रजा म्हणजे युरोपात बारा दिवस नव्हेत. मुंबईहून थेट विमान असलं तरी नऊ-दहा तास लागतात, आखातात विमान बदलायचं असेल तर त्याहून जास्त. जाणं-येणं वजा केलं की हातात दहा रात्री उरतात. त्यात मध्य आणि पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस पहाटे चारला टक्क जाग येते आणि संध्याकाळी म्युझियममध्ये जांभया.

आता शहर बदलण्याचा खरा खर्च बघा. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बॅगा घेऊन स्टेशन गाठायचं, दोन-तीन तास प्रवास, पुढच्या हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. गाडी वेळेवर असली तरी अर्धा दिवस गेलाच. दहा रात्रींत पाच शहरं धरली तर चार वेळा मुक्काम हलतो, म्हणजे पूर्ण दोन दिवस बॅगा ओढण्यात जातात. तीन शहरं धरली तर एकच दिवस जातो. म्हणून दहा रात्रींना तीन शहरं हा बऱ्यापैकी सुखाचा हिशोब आहे. लहान मुलं किंवा साठी-सत्तरीचे आई-वडील सोबत असतील तर दोन शहरंही पुरतात. कारण मुक्काम न हलवता आसपासची गावं सकाळी जाऊन रात्री परत येऊन बघता येतात. फ्लॉरेन्सहून पिसा रेल्वेने साधारण तासाभरावर आहे. व्हिएन्नाहून स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाही तेवढीच.

एका रेषेतली शहरं

यादीतल्या नावांवर नकाशात टिंबं काढली की घोळ लगेच दिसतो. पॅरिस आणि रोम ही दोन्ही ‘युरोपातली’ असली तरी त्यांच्यामध्ये आल्प्स उभा आहे. थेट रेल्वे नाही, विमान पकडावं लागतं, आणि दोन तासांच्या विमानाला विमानतळावर जाण्या-येण्याचा वेळ धरून अख्खी सकाळ जाते. उलट रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरं वेगवान रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांहून थोडं जास्त. स्टेशनंही शहरातच असतात.

पहिल्या खेपेसाठी इटलीची ही रेषा म्हणूनच इतकी सोयीची ठरते. रोमला चार रात्री द्याव्यात. कलोसियम आणि त्याला लागून असलेले रोमन फोरमचे अवशेष हा एक दिवस, व्हॅटिकनची संग्रहालयं आणि सेंट पीटर्स बॅसिलिका हा दुसरा, आणि तिसरा दिवस नुसता चौक, कारंजी आणि गल्ल्यांसाठी. फ्लॉरेन्स लहान आहे, मुख्य ठिकाणं चालत होतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिड तिथल्या अकादमीच्या दालनात आहे. कॅथेड्रलच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, हे गुडघेदुखी असलेल्यांनी आधीच लक्षात घेतलेलं बरं. व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, त्यामुळे बॅग घेऊन पूल चढायचे आणि उतरायचे. स्वस्त म्हणून बरेच जण समोरच्या मेस्त्रे या भागात उतरतात. तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येतं. पैसे वाचतात, पण दिवसभराची गर्दी ओसरल्यावर कालव्यांच्या कडेने रमतगमत फिरायचं, आणि परतीच्या गाडीकडे डोळे लावायचे नाहीत, हे सुख जातं. एक रात्र का होईना, बेटावर काढण्याचा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो. फक्त दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवसांसाठी प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. आधी ते ५ युरो होतं, २०२५ मध्ये ऐनवेळी बुकिंग करणाऱ्यांसाठी १० युरो झालं. मुक्कामी पाहुण्यांना ते लागत नाही.

दुसरी चांगली रेषा प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टची. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. हे दुसरं अंतर साधारण पुणे-कोल्हापूरएवढंच. व्हिएन्नात हॅब्सबर्ग राजघराण्याचा थाट, प्रागमध्ये १४१० पासूनचं खगोलीय घड्याळ आणि चार्ल्स पूल, बुडापेस्टमध्ये डॅन्यूबच्या दोन्ही काठांवर पसरलेलं शहर आणि गरम पाण्याची जुनी स्नानगृहं. १८७३ पर्यंत बुडा आणि पेस्ट अशी नदीच्या दोन बाजूंची वेगवेगळी शहरं होती. पॅरिस किंवा स्वित्झर्लंडच्या तुलनेत प्राग-बुडापेस्टमध्ये राहणं-खाणं बरंच स्वस्त पडतं. मात्र चेकियाचं चलन कोरुना आणि हंगेरीचं फोरिंट. युरो फक्त व्हिएन्नात चालतो.

तिसरी रेषा पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम साडेतीन तासांच्या आत, ब्रसेल्स वाटेतच. दोनच शहरांत दहा रात्री घालवायच्या असतील तर पॅरिस सहा आणि अ‍ॅमस्टरडॅम चार ही वाटणी छान बसते.

स्पेन अनेकांच्या यादीत नसतोच, पण माद्रिद-बार्सिलोना ही जोडी अडीच तासांवर आहे.

आणि स्वित्झर्लंड? हिंदी सिनेमाने हा देश आपल्या मनात इतका पक्का बसवलाय की इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळाच उभा राहिला. पण स्वित्झर्लंडला ‘शहर’ म्हणून मोजणं चूक आहे. लोक तिथे झुरिचसाठी जात नाहीत, डोंगरांसाठी जातात. डोंगर ढगात असतील तर ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला महागडं तिकीट काढून पांढरं धुकं बघावं लागतं. म्हणजे हवेसाठी एखादा जादा दिवस हाताशी हवा. पॅरिसहून बाझेल तीन तास आणि तिथून इंटरलाकेन साधारण दोन तास, त्यामुळे पॅरिस आणि स्वित्झर्लंड ही जोडी जमते. पण मग अ‍ॅमस्टरडॅम सोडावं लागतं.

कोणतीही रेषा निवडली तरी विमानाचं तिकीट जाताना एका टोकाला आणि येताना दुसऱ्या टोकाहून काढावं. रोमला उतरून व्हेनिस किंवा मिलानहून परत. पहिल्या शहरात पुन्हा यायला लागणारा दिवस आणि रेल्वेभाडं दोन्ही वाचतात.

व्हिसा यादीत कसा ढवळाढवळ करतो?

शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात. पण अर्ज कोणत्याही देशाकडे करता येत नाही. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्याकडे. म्हणजे प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला तीन-तीन रात्री दिल्या आणि विमान प्रागला उतरत असेल, तर अर्ज चेकियाकडे. कागदावर एका देशाचे जास्त दिवस दाखवून व्हिसा घ्यायचा आणि फिरायचं भलतीकडेच, हा सल्ला सर्रास मिळतो. तो प्रवेशाच्या वेळी आणि पुढच्या अर्जाच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

अर्जासोबत राहण्याची व्यवस्था आणि प्रवासाचा कार्यक्रम द्यावा लागतो, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनसाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शहरांची यादी साधारण दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान पक्की झालेली बरी.

लंडनचा सापळा इथेच आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. वेगळा व्हिसा, वेगळं शुल्क, वेगळे कागद. त्याहून मोठी गोम अशी, की पॅरिस बघून लंडनला गेलात आणि तिथून अ‍ॅमस्टरडॅमला जायचं ठरवलं, तर हा शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पुढचा प्रवास तिथेच संपतो. लंडन करायचंच असेल तर ते सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावं, मध्ये नको. खरं तर लंडनला स्वतंत्र आठवडा द्यावा. तिथे प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवरचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले ते १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. त्यासाठी तिथवर जाणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या गाडीची घाई नसावी.

मे महिना, दिवाळी की नाताळ?

शाळेच्या सुट्टीशी शहरांची गाठ घालावी लागते. ‘सिलसिला’मुळे ओळखीची झालेली ट्युलिपची बाग, केउकेनहोफ, साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात निघणाऱ्यांनी केवळ ट्युलिपसाठी अ‍ॅमस्टरडॅम निवडू नये. मे-जूनमध्ये दिवस मात्र लांब असतो. जूनच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत हेच उलटं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात पॅरिसला पाचच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हा दक्षिणेकडची शहरं निवडली तर थोडं ऊन मिळतं. नाताळचे बाजार बघायचे असतील तर व्हिएन्ना आणि प्राग. रोम आणि फ्लॉरेन्समध्ये जुलै-ऑगस्टचं ऊन विदर्भातल्या माणसालाही जाणवेल असं असतं, आणि दिवसभर दगडी रस्त्यांवर चालायचं असतं.

वारही बघा

दोन रात्रींचा मुक्काम नेमक्या बंद वारावर येणं ही नेहमीची चूक. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. फ्लॉरेन्समधली उफिझी आणि अकादमी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. १ मे आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन, त्या दिवशी लूव्रलाही कुलूप असतं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा खाण्याचं सामान शनिवारीच घेऊन ठेवावं.

काही ठिकाणांची तिकिटं मिळाली तरच ते शहर यादीत राहावं इतकी ती मोलाची असतात. अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ लहान गटांना पंधरा मिनिटांसाठी दाखवतात. तिथे ऐनवेळी जाऊन काम होत नाही.

शेवटी काटछाट

यादी तीनवर आली की घरात भांडण लागतं ते चौथ्या शहरावरून. सोपा उपाय म्हणजे प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी बघितली नाही तर सहलीला अर्थ नाही. आईला बर्फ बघायचा असेल आणि मुलाला कलोसियम, तर पॅरिस गळतं, आयफेल टॉवरसकट. गळलेलं शहर कायमचं गेलं असंही नसतं. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेनचा नियम थोडा सैल झाला आहे. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर साधारणपणे पाच वर्षांचा मिळतो.