हौशी दीर्घ पल्ल्याचे धावणे

हौशी दीर्घ पल्ल्याचे धावणे म्हणजे उपजीविकेचे साधन म्हणून नव्हे, तर आवड, आरोग्य किंवा स्पर्धेतील सहभाग यांसाठी नियमितपणे लांब अंतर धावणे होय. यात ५ किलोमीटर, १० किलोमीटर, अर्धमॅरेथॉन (२१.०९७५ किलोमीटर) आणि मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) ही अंतरे प्रचलित आहेत. मॅरेथॉनहून मोठ्या अंतरास अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. महाराष्ट्रात शहरी भागात हा छंद मॅरेथॉन स्पर्धांमुळे रुजला. ग्रामीण भागात मात्र पोलीस व सैन्यभरतीची तयारी हे धावण्याचे मोठे कारण आहे. धावपटूंना होणाऱ्या बहुतेक दुखापती पडझडीमुळे होत नाहीत. शरीराच्या क्षमतेपेक्षा सरावाचा भार वेगाने वाढल्यामुळे त्या हळूहळू उद्भवतात. त्यामुळे सराव आणि दुखापत हे दोन विषय एकत्रच अभ्यासले जातात.

इतिहास

१८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन शर्यतीचा समावेश झाला. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ साली ते प्रमाण म्हणून निश्चित झाले. सर्वसामान्य माणसाने आरोग्यासाठी धावावे ही कल्पना १९६० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने रुजली. अमेरिकेत प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि डॉ. केनेथ कूपर यांच्या लेखनाने तिचा प्रसार झाला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन प्रथमच घेण्यात आली.

भारताच्या ऑलिम्पिक सहभागाचा आरंभ मराठी मुलखातील हौशी धावपटूंशी निगडित आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत शेतकरी कुटुंबांतील मुले अनवाणी धावत असत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी त्यांची कामगिरी पाहिली आणि भारतीय खेळाडूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला पाठविण्यासाठी पुढाकार घेतला. बेळगाव भागातील फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाण अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत भारताचे प्रतिनिधी होते.

महाराष्ट्रातील प्रसार

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते. मुंबईच्या स्पर्धेमुळे नोकरदार, गृहिणी आणि ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर धावू लागले. २०१२ पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते. या मार्गावर चढ व उतार दोन्ही असल्यामुळे मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंची कसोटी लागते.

बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी लुगडे नेसून धावलेल्या लता भगवान करे यांनी पतीच्या उपचारखर्चासाठी साठीनंतर शर्यतीत भाग घेतला. त्यांच्या जीवनावरील ‘लता भगवान करे’ या चित्रपटाचा ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे अविनाश साबळे हे सैन्यात दाखल झाल्यानंतर धावण्याकडे वळले. त्यांनी २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम नोंदविला. २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस प्रकारात त्यांना रौप्यपदक मिळाले. २०२५ साली मोनॅको येथील शर्यतीत त्यांच्या गुडघ्याला गंभीर इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ही इजा पाण्याच्या अडथळ्यावर अचानक झालेली होती. हौशी धावपटूंच्या नेहमीच्या दुखापती याहून वेगळ्या प्रकारच्या असतात.

शरीरात होणारे बदल

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा दाब पायावर येतो. एका किलोमीटरमध्ये सुमारे हजार पावले पडतात. हा भार शरीराला हानिकारक नाही. किंबहुना याच भारामुळे हाडे व स्नायू बळकट होतात. मात्र शरीराचे सर्व घटक सारख्या वेगाने बळकट होत नाहीत.

नियमित सराव सुरू केल्यावर काही आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाची क्षमता सुधारते आणि दम लागणे कमी होते. स्नायूंना त्याहून अधिक काळ लागतो. कंडरा व हाडे यांना कित्येक महिने लागतात. हाडाच्या नूतनीकरणात प्रथम जुना भाग झिजविला जातो आणि नंतर नवा भाग भरला जातो. झीज होण्यास सुमारे तीन आठवडे, तर भर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून नव्या सरावाच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड काही काळ आधीपेक्षा नाजूक असते. नेमक्या याच वेळी दम टिकू लागल्यामुळे धावपटूचा उत्साह वाढलेला असतो. छाती साथ देते, पण नडगी देत नाही, अशी ही स्थिती असून नवशिक्यांच्या अनेक दुखापतींचे मूळ तिच्यात आहे.

सराव

दीर्घ पल्ल्याच्या सरावाचे सामान्यतः चार भाग मानले जातात.

• सावकाश धावणे: आठवड्यातील बहुतेक अंतर या गतीने धावले जाते. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले, तर गती योग्य समजावी.
• लांब धाव: आठवड्यातून एकदा, नेहमीपेक्षा जास्त अंतर.
• वेगाचा सराव: आठवड्यातून एक किंवा दोन वेळा, मध्ये विश्रांती घेत थोडे थोडे अंतर जोरात धावणे किंवा चढावर धावणे.
• बळ वाढविणारा व्यायाम: बैठका, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे इत्यादी. हा व्यायाम आठवड्यातून दोनदा पुरेसा असतो.

झोप आणि विश्रांतीचा दिवस हे सरावाचेच भाग होत, कारण ऊतींची दुरुस्ती विश्रांतीच्या काळात होते.

आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा संकेत रूढ आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्या धावपटूंवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र हा नियम पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या गटांतील दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे २० टक्के आढळले. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवर आधारित २०२५ च्या अभ्यासात वेगळी बाब पुढे आली. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक अंतर धावल्यास दुखापतीचा धोका वाढतो, असे त्यात दिसले. आठवड्याच्या बेरजेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष एका दिवशीच्या अतिरेकाकडे द्यावे, असा याचा अर्थ होतो. राहिलेला सराव एकाच दिवशी भरून काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

प्रमुख दुखापती

गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना: जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते. मांडी व खुब्याचे स्नायू बळकट केल्याने बहुतेकांना आराम पडतो.

नडगीचे दुखणे: नडगीच्या आतील कडेवर, खालच्या भागात लांबवर दुखते. नव्याने धावू लागलेल्यांत आणि भरतीच्या उमेदवारांत हे विशेष आढळते.

घोडशिरेची दुखापत: टाचेमागच्या जाड कंडरेत सकाळी ताठरपणा जाणवतो. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी १९९८ साली यावरील व्यायामपद्धती प्रसिद्ध केली. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेणे, १५ वेळांचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, असा हा क्रम १२ आठवडे चालतो.

तळपायाचे दुखणे: सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल टाचेखाली दुखते. पोटरी व तळपाय ताणणे, टाचा उचलण्याचा व्यायाम आणि काही काळ अंतर कमी करणे हे उपाय होत. बरे होण्यास अनेक महिने लागू शकतात.

मांडीच्या बाहेरील पट्ट्याचे दुखणे: ठराविक अंतरानंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस दुखू लागते आणि उतारावर ते वाढते.

हाडाची ताण-चीर: वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला सूक्ष्म चीर जाते. नडगी व पावलाची हाडे यांत ती अधिक आढळते. बोटाने दाबल्यास एकाच ठिकाणी तीव्र वेदना होणे, एका पायावर उडी मारता न येणे आणि रात्री विश्रांतीतही ठणका लागणे ही तिची लक्षणे होत. आरंभीच्या आठवड्यांत क्ष-किरण चित्रात ती दिसेलच असे नाही. एमआरआय तपासणीत दिसू शकते. जांघेत खोलवर दुखत असल्यास खुब्याजवळच्या हाडाला चीर असण्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे.

सरावाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव दिले. स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे तिचे महत्त्वाचे लक्षण आहे. सरावामुळे असे होतेच, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करू नये.

दुखापतीनंतरची काळजी

मुरगळणे, लचकणे यांवर विश्रांती, बर्फ, पट्टी व पाय उंच ठेवणे हे चार उपाय अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली सुचविले. पुढे खुद्द मर्किन यांनीच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांबाबतचे आपले मत बदलले. बर्फाने वेदना तात्पुरती कमी होते. मात्र पहिल्या काही दिवसांनंतर झेपेल तितकी हालचाल सुरू करणे हितावह असते, असे आज मानले जाते. चोळून घेणे किंवा दुखरा भाग जोरात ओढणे पहिल्या दिवसांत टाळावे.

सराव चालू ठेवावा की नाही, हे ठरविण्यासाठी वेदनेला ० ते १० गुण देण्याची पद्धत वापरतात. कंडरेच्या दुखापतीत धावताना वेदना ५ पर्यंत राहिली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती पूर्ववत झाली, तर मर्यादित सराव चालू ठेवता येतो. हाडाच्या दुखापतीला हा निकष लागू नाही. तेथे वेदना असताना धावू नये. पुन्हा धावण्यापूर्वी अर्धा तास वेदनेविना भरभर चालता आले पाहिजे. त्यानंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा आळीपाळीने सुरुवात करून धावण्याचा काळ हळूहळू वाढवितात. दरम्यान सायकल किंवा पोहणे यांमुळे दमसास टिकून राहतो.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे धोक्याचे आहे. तिने वेदनेची सूचना दबते. शिवाय शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते.

ऊन व पाणी

उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारणपणे १० ते १४ दिवस लागतात. तहान लागेल तसे पाणी प्यावे. गरजेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्के धावपटूंत सोडियम कमी आढळले होते. धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि त्याचे अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजून त्यास जागीच थंड पाण्याने भिजवावे आणि मग रुग्णालयात न्यावे. छातीत दुखणे किंवा धावताना भोवळ येणे या लक्षणांत धावणे थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

भरतीचा सराव आणि कोल्हार परिसर

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर धाव असते. ही अंतरे फार लांब नसली, तरी त्यांची तयारी रोजच्या लांब धावेनेच केली जाते. या उमेदवारांच्या दृष्टीने दुखापत म्हणजे केवळ छंदातील खंड नसतो. मैदानी चाचणीची तारीख हुकल्यास पुढील भरतीची वाट पाहावी लागते आणि तोवर वयोमर्यादा उलटून जाऊ शकते. जाहिरात निघाल्यावर सराव सुरू करणाऱ्यांना हाडे बळकट होण्यासाठी लागणारे महिने मिळत नाहीत. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर सावकाश धावत राहणे हाच दुखापत टाळण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील कोल्हार हे प्रवरेकाठचे गाव अहिल्यानगर–मनमाड महामार्गावर आहे. महामार्गाची कडा धावण्यास गैरसोयीची आहे. शिर्डीकडे जाणारी वाहने आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या यांची वर्दळ तेथे असते. शिवाय रस्त्याच्या उतरत्या कडेवर एकाच बाजूने धावल्यास एका पायावर जास्त ताण येतो. कालव्यांच्या कडेचे व शिवारातील मातीचे रस्ते वाहनांपासून सुरक्षित असतात; मात्र खड्ड्यांत घोटा मुरगळण्याची शक्यता असल्याने पुरेसा उजेड झाल्यावरच तेथे धावावे. महामार्गावर धावणे अपरिहार्य असल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिकट किंवा चमकणारे कपडे घालून आणि कानात हेडफोन न घालता धावावे. एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयाच्या सुमारास सराव उरकणे इष्ट असते. जवळच्या लोणी येथील प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेत वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरच फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे.

हे सुद्धा पहा

• मॅरेथॉन
• अर्धमॅरेथॉन
• मुंबई मॅरेथॉन
• अविनाश साबळे
• उष्माघात
• कोल्हार