राखलेलं पाणी : बोटीतून बघितलेलं ॲम्स्टरडॅम

आज आपल्याला ॲम्स्टरडॅमला जायचं आहे, आणि तेही बोटीनं.

सुरुवातीलाच एका शब्दाची अडचण सोडवू या. कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धरणापासून शेतापर्यंत गेलेला पाटबंधाऱ्याचा कालवा येतो. ॲम्स्टरडॅममध्ये ज्याला 'ग्राख्त' म्हणतात, तो याहून वेगळा. त्याच्या दोन्ही काठांना रस्ता, रस्त्याला लागून घरं आणि मधे पाणी. हे पाणी मालवाहतुकीचा रस्ता होतं, गटार होतं आणि जमिनीतलं पाणी काढून घेणारा चरही होतं. दुसरा शब्द नसल्यामुळे आपण त्याला कालवाच म्हणू.

ॲम्स्टरडॅम ही नेदरलँड्सची राजधानी. पण तिथे संसद नाही आणि सरकारही नाही. दोन्ही हेगला आहेत. राजघटनेत राजधानी म्हणून नाव मात्र ॲम्स्टरडॅमचं, आणि राजाची शपथही इथेच होते, २०१३ साली झाली तशी. हा मान शहराला राजवाड्यामुळे मिळालेला नाही. तो मिळाला व्यापारामुळे, आणि व्यापार आला पाण्यामुळे. गावाच्या नावातच हे आहे. आम्स्टेल नदीवर घातलेला बांध, म्हणजे 'डॅम', त्यावरून ॲम्स्टरडॅम. १२७५ साली काउंट पाचवा फ्लोरिस यानं या बांधाजवळच्या लोकांना जकात माफ केली, त्या कागदात या वस्तीचा पहिला उल्लेख सापडतो. एखाद्या राजधानीचा जन्मदाखला म्हणजे जकातमाफीचा कागद, हे लक्षात ठेवू या.

आता बोटीत बसू. पर्यटकांच्या बोटी बसक्या असतात, वर काचेचं छप्पर असतं, कारण पूल फार खाली आहेत. बऱ्याच बोटी सेंट्रल स्टेशनसमोरून सुटतात. हे स्टेशन १८८९ साली सुरू झालं आणि ते पाण्यात भराव घालून केलेल्या बेटांवर उभं आहे. त्याआधी इथून थेट बंदर दिसायचं. स्टेशन आलं आणि शहराचं पाण्याकडचं तोंडच झाकलं गेलं. म्हणजे सफर सुरू होते तीच एका निर्णयाच्या सावलीत.

पुढे आपण तीन मोठ्या कालव्यांमध्ये शिरतो : हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त. सरदारांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा. १६१३ साली यांचं खोदकाम सुरू झालं. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडलं आणि तिथले व्यापारी, कारागीर उत्तरेकडे आले. शहराची लोकसंख्या १६०० च्या सुमारास पन्नास-साठ हजार होती, शतकभरात ती दोन लाखांवर गेली. एवढी माणसं ठेवायची कुठे? तर पश्चिमेपासून सुरुवात करून शहराभोवती अर्धवर्तुळात कालवे खोदायचे, निघालेल्या मातीनं बाजूची जमीन उंच करायची आणि ती जमीन विकायची.

घरांकडे बघा. माथ्याशी एक तुळई बाहेर आलेली दिसेल, तिला आकडा. जिने अरुंद, म्हणून सामान कप्पी-दोरानं वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. घरं पुढे किंचित झुकलेली आहेत, म्हणजे वर जाणारं ओझं भिंतीवर आपटत नाही. माळ्यावर माल, खाली कुटुंब आणि दारात बोट. आज आपण ज्याचे फोटो काढतो, ती एके काळी राहत्या घरासकट असलेली वखार होती.

प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडे योर्डान ही कष्टकऱ्यांची वस्ती. नकाशात तिथल्या गल्ल्या तिरक्या दिसतात, कारण तिथे जुन्या शेतांचे चर होते तसेच ठेवले. मोठ्या कालव्यांसाठी आखणी झाली, गरिबांसाठी शेताचे बांध पुरले.

आता पाण्याखाली बघू. जमीन दलदलीची, त्यामुळे घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. डॅम चौकातला आजचा राजवाडा मुळात सतराव्या शतकातलं नगरगृह. तो १३,६५९ खांबांवर आहे. हा आकडा तिथली मुलं वर्षाच्या ३६५ दिवसांपुढे १ आणि मागे ९ लावून पाठ करतात. लाकूड पाण्याखाली राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, उघडं पडलं की कुजतं. म्हणून पातळी सांभाळणं म्हणजे शहर सांभाळणं. १६८० च्या दशकात महापौर योहानेस हुद्दे यांच्या काळात पातळीच्या खुणांचे दगड पाण्याच्या दरवाजांपाशी बसवले गेले. त्याच परंपरेतलं 'ॲम्स्टरडॅम पातळी' हे माप पुढे युरोपातल्या अनेक देशांनी उंची मोजायला घेतलं. आणि १८७२ मध्ये पूर्वेकडचे दरवाजे पूर्ण झाल्यावर भरती-ओहोटी शहराबाहेर राहिली. मग साचलेलं पाणी हलतं ठेवायला पंप लागले.

बोट हेरेनग्राख्तच्या ज्या वळणावर येते, त्याला 'सोनेरी वळण' म्हणतात. इथली घरं दुप्पट रुंद. ५०२ क्रमांकाचं घर आज महापौरांचं निवासस्थान आहे. ते बांधलं पॉलस खोडिन यानं. हा वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि कंपनीचा एक धंदा गुलामांचा होता. आज घरासमोर त्याची आठवण देणारा दगड आहे. आणि हे एका घरापुरतं नाही. १६८३ साली सुरिनाम वसाहत चालवायला जी सोसायटी स्थापन झाली, तिच्यात ॲम्स्टरडॅम शहराचा स्वतःचा एक तृतीयांश वाटा होता. म्हणजे नगरपालिकाच भागीदार! डचांनी तिथली गुलामी कायद्यानं संपवली १ जुलै १८६३ ला. भरपाई मिळाली ती मालकांना, आणि सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावं लागलं. महापौर फेमके हाल्सेमा यांनी शहराच्या वतीनं माफी मागितली १ जुलै २०२१ ला. दोन वर्षांनी त्याच तारखेला राजानंही मागितली. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारही याच शहरातून चालायचा. त्या जाळ्याचं एक टोक आपल्या वेंगुर्ल्याला होतं. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती.

पाण्यावरून घरांचे फक्त दर्शनी भाग दिसतात, हे विसरायचं नाही. प्रिन्सेनग्राख्त २६३ घ्या. या घरांना मागे दुसरं घर जोडलेलं असतं, आणि ते रस्त्यावरून दिसत नाही की बोटीतून. तशाच मागच्या घरात अ‍ॅन फ्रँक धरून आठ माणसं १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ ला पकडली जाईपर्यंत लपून राहिली.

आता मुख्य प्रश्न. हे पाणी राहिलं कसं? कारण ते बुजवायची कारणं सगळी रास्त होती. शहराची घाण कालव्यात जायची. एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्याच्या साथी आल्या, दुर्गंधी असह्य होती. वाहतूकही वाढत होती. त्या शतकाच्या उत्तरार्धात डझनाहून जास्त कालवे बुजवले गेले. त्यांतले बरेच योर्डानमध्ये, म्हणजे पुन्हा गरिबांच्या वस्तीत.

बोट एका जागी थांबते आणि वाटाड्या म्हणतो, सात पूल एका ओळीत बघा. तो रेखुलीर्सग्राख्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रामसाठी तोही बुजवायचा बेत होता. लोकांनी विरोध केला आणि तो वाचला. १९५४ साली पोलीस प्रमुख कासयाखर यांनी मोटारींसाठी बरेच कालवे बुजवायची योजना मांडली. तीही विरोधापुढे टिकली नाही. मग २०१० साली हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. म्हणजे बघा, वारसा ठरण्याआधी छप्पन्न वर्षं हीच जागा मोटारींची अडचण होती. मधल्या लोकांनी भांडून ठेवली, म्हणून यादीत घालायला काही उरलं.

आणि हे भांडण संपलेलं नाही. १ सप्टेंबर २०२० ला ग्रिम्बुर्गवाल इथे काठाची भिंत पाण्यात कोसळली. हे काठ बांधले तेव्हा त्यांवर हातगाड्या आणि घोडागाड्या होत्या, आता ट्रक आहेत. शहराला सुमारे २०० किलोमीटर काठ तपासून दुरुस्त करायचे आहेत. त्यासाठी रस्ते बंद होतात, झाडं जातात, खर्च होतो, आणि लोक पुन्हा वाद घालतात.

तेव्हा तिकडे गेलात तर बोटीतून जरूर फिरा. पण उतरल्यावर रोझेनग्राख्तवरूनही चालत जा. नावात ग्राख्त आहे आणि पाणी नाही, १८८९ मध्ये ते बुजवलं. आज तिथून ट्राम जाते, दुकानं चालतात, लोकांची त्याबद्दल काही तक्रार नाही. बुजवलेलं पाणी इतक्या सहज विसरलं जातं.