जुना कॉम्प्युटर भंगारात घालू का? आधी ऑपरेटिंग सिस्टीमचं व्हर्जन बघा

साखरखेर्ड्यात मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. कॉम्प्युटरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, व्हर्जन दिसेल.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला तरी कॉम्प्युटर चालतो, पण सुरक्षेतली नवी भगदाडं बुजवली जात नाहीत. अशा मशीनवर बँकेचं काम मी तरी करणार नाही.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० लागतं. नसेल तर ६४ बिट मशीनवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट मोफत टाका. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे! फक्त आधी फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या; इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते.