एव्हरेस्टचा नंबर कागदावर लागला

मी बावड्याचा. आमच्याकडे सगळं सपाट, नजर जाईल तिथवर ऊस. डोंगर चढायला फक्त दम लागतो, असं मला वाटायचं. पण आधी परवाना लागतो.

नेपाळने 1952 चं अख्खं वर्ष स्विस लोकांना दिलं. ब्रिटिशांना थांबावं लागलं. त्या मे महिन्यात लॅम्बर्ट आणि तेनझिंग जवळपास 8,600 मीटरपर्यंत गेले. शिखर अडीचशे मीटरवर राहिलं! हिवाळ्याच्या तोंडावरचा दुसरा प्रयत्नही थंडीने फसला.

1953 चा परवाना ब्रिटिशांकडे, 1954 चा फ्रेंचांकडे. म्हणजे ब्रिटिशांना एकच चान्स. 29 मे 1953 ला हिलरी वर पोहोचले, सोबत तेच तेनझिंग.

परवान्यावरचा देश बदलला. वाट माहीत असलेला माणूस मात्र दोन्ही वर्षं तोच होता.