वायरलेस हेडफोन आणि कोडेकची वाटचाल

ब्लूटूथचा जन्म संगीतासाठी झाला नव्हता. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये या तंत्रावर काम सुरू झाले, ते फोन आणि इतर उपकरणांमधली केबल काढून टाकण्यासाठी. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा यांनी मिळून त्यासाठी संघ स्थापन केला. सुरुवातीचे हेडसेट एका कानात घालून फोनवर बोलण्यापुरते होते. त्यांत आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जात. त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच ऐकू येत नसे. बोलणे समजे, पण टाळ-झांजांची झणक हरवून जाई.

स्टिरिओ संगीताची सोय २००३ मध्ये ‘एटूडीपी’ या मानकाने झाली. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात आणि त्या वेळच्या ब्लूटूथची एकूण क्षमताच १,००० किलोबिट होती. म्हणून आवाज आटोपशीर करून पाठवणे आणि पलीकडे पुन्हा उलगडणे भाग होते. हे काम करणारी पद्धत म्हणजे कोडेक. प्रत्येक उपकरणात सक्तीचा ठरलेला कोडेक होता एसबीसी. तो आवाजाचे ४ किंवा ८ पट्ट्यांत विभाजन करतो आणि ज्या पट्टीला गरज जास्त, तिला जास्त बिट देतो. त्याला गणित कमी लागते, त्यामुळे स्वस्त चिप आणि छोटी बॅटरी पुरते. उत्तम दर्जासाठी मानकाने सुमारे ३२८ किलोबिटची शिफारस केली होती. अनेक उपकरणांत मात्र बिटरेट त्याहून कमी ठेवला गेला आणि एसबीसी नाहक बदनाम झाला.

पर्याय पुढे आले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात १९८० च्या दशकात तयार झालेला ॲप्टएक्स आधी रेडिओ प्रसारणात आणि डीटीएसच्या चित्रपट-ध्वनीत वापरला गेला, मग हेडफोनमध्ये आला. ॲपलने एएसीवर भर दिला. सोनीने २०१५ मध्ये ९९० किलोबिटपर्यंत जाणारा एलडॅक आणला. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये तो समाविष्ट झाला. २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या नव्या ध्वनी-मानकासोबत एलसी३ आला. कमी बिटमध्ये एसबीसीपेक्षा चांगला आवाज हे त्याचे वैशिष्ट्य.

एक नियम मात्र सुरुवातीपासून कायम आहे. जोडणी होताना फोन आणि हेडफोन आपापले कोडेक एकमेकांना कळवतात आणि दोघांकडे असलेलाच कोडेक वापरला जातो. दुसरा कोणताही जुळला नाही, तर एटूडीपीत एसबीसीवरच काम भागवले जाते. म्हणून हेडफोन घेताना खोक्यावरचे कोडेकचे नाव वाचण्याआधी आपला फोन कोणते कोडेक देतो, हे पाहावे.