हजार नऊ धावा आणि बाउंड्रीबाहेरचे आपण

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसं.)

नौपाड्यातून बोलतोय. खिडकी लावलीय, पंखा बंद केलाय, तरी गोखले रोडवरचा एखादा हॉर्न आत येईलच. सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न साधा आहे. शाळेची मॅच बघायला कोण येतं?

मी शाळेच्या क्रिकेट टीममध्ये होतो. फुशारकी नाही, अकरावा होतो. कधीकधी बारावा. आमच्या मॅचेस मंगळवारी, बुधवारी असायच्या. मैदानाच्या कडेला एक मोडकं बाकडं, त्यावर आमच्या बॅगा, आणि बघायला एक माणूस. आमच्या विकेटकीपरचे आजोबा. उन्हाळा असो की हिवाळा, डोक्यावर काळी छत्री. एकदा आम्ही 23 ला ऑल आउट झालो. आजोबांनी पिशवीतून पारले-जीचा पुडा काढला आणि दोन्ही टीमना वाटला. म्हणाले, "पुढची कधी आहे रे?" बस. हरलात का, कसे हरलात, काही नाही. पुढची कधी आहे.

त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. पण 2016 च्या जानेवारीत ते आजोबा मला पहिल्यांदा आठवले. का, ते सांगतो.

4 जानेवारी 2016, सोमवार. ठाण्याहून फास्ट लोकलने वीस-पंचवीस मिनिटांवर कल्याण. तिथल्या वायले नगरमध्ये युनियन क्रिकेट अकादमीचं मैदान आहे. आंतरशालेय भंडारी कप, 16 वर्षांखालची मुलं, दोन दिवसांची मॅच. के. सी. गांधी स्कूल विरुद्ध आर्य गुरुकुल. अशा मॅचेस मुंबई-ठाण्यात वर्षभर चालू असतात. पेपरात आल्या तर खेळाच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळी.

आर्य गुरुकुलची टीम 31 धावांत आटोपली. मग के. सी. गांधीची बॅटिंग सुरू झाली. ओपनिंगला आला प्रणव धनावडे, वय 15, रिक्षाचालकाचा मुलगा. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा स्कोअर होता एक बाद 956 आणि त्यात प्रणवचे नाबाद 652. होय, एका दिवसात.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला आणि पहिलं उत्तर आलं, "फेक आहे". दुसरं, "स्कोअररला झोप लागली असेल". रात्रीपर्यंत बातम्या आल्या आणि मग सगळेच क्रिकेटतज्ज्ञ झाले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, त्याच मैदानावर गर्दी. टीव्हीचे कॅमेरे, पत्रकार, आसपासची पोरं, शाळेतले मित्र. प्रणवने हजार ओलांडले आणि टीमने डाव घोषित केला. तीन बाद 1465. प्रणव नाबाद 1009. चौकार 129, षटकार 59. गुणाकार करा: 870 धावा नुसत्या बाउंड्रीच्या, आणि उरलेल्या 139 पळून काढलेल्या. आर्य गुरुकुल दुसऱ्या डावात 52. के. सी. गांधी एक डाव आणि 1382 धावांनी विजयी. क्रिकेटच्या नोंदीत एवढी मोठी वैयक्तिक खेळी दुसरी नव्हती.

आता जरा मागे जाऊ. प्रणवने जो विक्रम मोडला तोही शाळेच्याच मॅचमधला होता आणि तब्बल 116 वर्षं टिकला होता.

जून 1899. इंग्लंडमधलं ब्रिस्टल शहर, क्लिफ्टन कॉलेज ही शाळा. तिथल्या मुलांच्या दोन हाउसेसची आपापसातली मॅच, ज्युनिअर गटाची. आपल्याकडे शाळेत लाल-हिरवा-निळा-पिवळा हाउस असतात ना, तसंच. ए. ई. जे. कॉलिन्स नावाचा 13 वर्षांचा मुलगा बॅटिंगला आला. मैदान लहान, एका बाजूची सीमा जवळ. शाळा सुटल्यावर दुपारी खेळायचं, संध्याकाळी थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढे. असं करत करत कॉलिन्सने नाबाद 628 काढल्या. पहिल्या दुपारी तिथे फारसं कुणी नव्हतं. पण बातमी फुटली आणि रोज माणसं वाढत गेली. लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत नाव पोचलं. रेडिओ नव्हता, तरी गर्दी जमलीच.

पुढे कॉलिन्स सैन्यात गेला. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर 1914 मध्ये, ईप्रच्या लढाईत मारला गेला. वय 29. प्रथम श्रेणीची एकही मॅच तो खेळला नाही. आज त्याचं नाव उरलंय ते जूनमधल्या त्या काही दुपारींमुळे.

म्हणजे 1899 असो की 2016, गर्दीचं गणित तेच. आकडा मोठा झाला की माणसं येतात. यात वाईट काही नाही. 1988 च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि कांबळी यांनी शारदाश्रमसाठी 664 ची अभंग भागीदारी केली. त्या मॅचबद्दल आजही माणसं अशी बोलतात की जणू अख्खी मुंबई तिथे हजर होती. आकड्याला तेवढी ताकद असते.

प्रश्न पुढचा आहे. आकडा जुना झाला की काय होतं?

प्रणवला सचिनने स्वतःची सही केलेली बॅट पाठवली. सत्कार झाले, फोटो झाले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. आणि पुढच्या प्रत्येक मॅचमध्ये हा मुलगा उतरला तो 'हजारवाला' म्हणून. विचार करा, तुम्ही 16 वर्षांचे आहात, 40 काढून आउट झालात. चांगली खेळी. पण बघणाऱ्याच्या तोंडावर काय येणार? "फक्त 40?" 2017 मध्ये प्रणवच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिलं. मुलाचा खेळ सध्या अपेक्षेसारखा होत नाहीये, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवा. रिक्षा चालवणारा माणूस महिन्याचे दहा हजार स्वतःहून परत करतोय. मला ती गोष्ट 1009 पेक्षा मोठी वाटते. पण तिच्यासाठी कॅमेऱ्यांची तशी गर्दी झाली नाही.

आणि दुसऱ्या बाकड्यावरची मुलं? आर्य गुरुकुलची टीम? तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं की दहावीची मुलं अभ्यासामुळे आली नव्हती आणि वयाने बरीच लहान मुलं खेळवावी लागली. त्या पोरांनी दोन दिवस उन्हात फील्डिंग केली. कॅच सुटले, पाय दुखले, आणि दुसऱ्या दिवशी तर आपला पराभव टीव्हीवर चाललाय हेही दिसत होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी मैदानावर आली. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला कुणी होतं का? मी तिथे नव्हतो, त्यामुळे सांगू शकत नाही. पण इथेच मला ते छत्रीवाले आजोबा आठवले. आम्ही 23 ला आउट झालो तेव्हा आमच्याकडे निदान एक माणूस होता.

तर मंडळी, फॅन दोन प्रकारचे. एक आकडा बघून येणारा. दुसरा आकडा लागायच्या आधीच आलेला. दुसऱ्या प्रकारची माणसं एखाददुसरी नाही, हजारोंनी बघायची असतील तर रात्रीची महालक्ष्मी पकडा आणि कोल्हापूरला जा.

अमेरिकेत टेक्सास राज्यात हायस्कूल फुटबॉलचं वेड आहे. त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा, हेल्मेटवाला. शुक्रवारी रात्री शाळेची मॅच म्हणजे गावची जत्रा. तिथल्या ॲलन नावाच्या गावाने 2012 मध्ये शाळेच्या टीमसाठी 18,000 माणसं बसतील असं स्टेडियम उघडलं, सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून. हे ऐकलं की आपण म्हणतो, "अरे, आपल्याकडे असं काही नाही." आहे. फक्त शाळेच्या नावाने नाही, तालमीच्या नावाने.

कोल्हापूर कुस्तीचं गाव. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागचं कुस्ती मैदान त्यांच्याच काळातलं, 1912 चं. पेठेपेठेत तालमी. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. गणपती तिथला, कट्टा तिथला, कुणाच्या घरी अडचण आली तर धावणारी पोरंही तिथलीच. फुटबॉल इंग्रजांबरोबर आला आणि संस्थानी कोल्हापुरात रुजला, आणि लाल मातीतल्या याच तालमींनी तो उचलला. 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज टीमची नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यात कुणी शेठ मालक नाही. मालक म्हणजे गल्ली.

त्यामुळे शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्ली येते. आजोबा, नातू, कामावरून लवकर सुटलेला मेकॅनिक, डबा खाऊन आलेली कॉलेजची पोरं. तिथे कुणी "तू कुठल्या टीमचा फॅन?" असं विचारत नाही. "तू कुठला?" विचारतात, त्यातच उत्तर आलं. टीम हरली तरी घर बदलत नाही, मग टीम कशी बदलणार? शाळांमध्येही ही हवा पोचते. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी फुटबॉलची परंपरा जपलीय. 2017 मध्ये 17 वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्यात भारताच्या टीममध्ये अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा, आणि योगायोग बघा, तोही रिक्षाचालकाचा मुलगा.

आता लगेच कोल्हापूरला देव करू नका. याच प्रेमाने तिथे डोकीही फुटलीत. पेठेचा अभिमान मैदानातून रस्त्यावर येतो, हुल्लडबाजी होते, दगड उडतात, पोलिस बंदोबस्तात मॅचेस घ्याव्या लागतात, आणि कधी स्पर्धाच थांबवावी लागते. तेव्हा नुकसान कुणाचं? खेळणाऱ्या पोरांचं. म्हणजे निष्ठा असली म्हणून सगळं झालं असं नाही. "आपली टीम" म्हणताना समोरची टीमही कुणाच्या तरी गल्लीतली आहे, एवढं लक्षात ठेवावं लागतं. आजोबांनी बिस्किटं दोन्ही टीमना वाटली होती, ती का, हे मला आत्ता आत्ता कळतंय.

मग ठाणे-कल्याणला हे का जमत नाही? मी कोड लिहिणारा माणूस, कारणं शोधायची सवय आहे. एक, शाळेच्या मॅचेस कामाच्या दिवशी. आईबाबा सात बेचाळीसच्या लोकलला लटकलेले. दोन, वेळापत्रक कुठे लागतं तेच पालकांना कळत नाही. तीन, बसायला जागा नाही, सावली नाही, प्यायला पाणी नाही. आणि चार, सगळ्यात महत्त्वाचं: शाळा आपल्याला मार्कांसाठी हवी असते. शाळेची टीम "आपली" आहे असं आपल्याला वाटतच नाही. कोल्हापुरात टीम गल्लीची आहे, म्हणून गल्ली येते. आपल्याकडे टीम कुणाचीच नाही, म्हणून हजार धावा झाल्याशिवाय कुणी येत नाही.

पहिल्या तीन गोष्टींना पैसा लागेल, परवानग्या लागतील. चौथीला एक सकाळ पुरते.

म्हणून एक काम देतो. तुमच्या घराजवळच्या शाळेची कुठलीही मॅच. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, मुलींची असो की मुलांची. एकदा जाऊन बघा. रील काढू नका, निदान पहिला अर्धा तास. स्कोअर विचारू नका. हरणाऱ्या टीमच्या बाजूला उभे राहा आणि कुणी चांगला थ्रो केला तर टाळी वाजवा. त्या मुलाला ती टाळी वीस वर्षं ऐकू येते. मी अनुभवाने सांगतोय.

ते आजोबा आता नाहीत. परवा आमचा विकेटकीपर भेटला, राम मारुती रोडवर, कडेवर पोरगी. बोलता बोलता म्हणाला, ती छत्री अजून घरात आहे, दोन काड्या मोडल्यात. मी म्हटलं, दुरुस्त करून ठेव. तुझ्या पोरीच्या मॅचेसना लागेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, बिस्किटं नेलीत तर दोन पुडे न्या.